पहिले तीन महिने आणि कोर्टाची डायरी: ई-कोर्ट्स ॲप, ई-फायलिंग आणि ऑनलाइन हजेरी वकील मॅडमच्या किती कामाची?

ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे ॲप बहुतेक वकिलांच्या फोनमध्ये असतं आणि बहुतेक जण ते एकाच कामाला वापरतात: पुढची तारीख बघायला. इथे आम्ही ते ॲप, त्याच्या जोडीचं ई-फायलिंग आणि कोर्टाची ऑनलाइन हजेरी अशा तिन्ही सेवा एका वेगळ्याच कसोटीवर लावून बघतोय. दिवस गेलेत, सातवा आठवडा चालू आहे, सकाळी उठल्यापासून मळमळतंय, घरातल्या दोन-तीन माणसांखेरीज कुणाला सांगायचं नाहीये आणि बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या यादीत, रोज सात-आठ मॅटर आहेत. अशा वेळी या सरकारी, फुकटच्या सेवा किती भार उचलतात?

निकाल आधीच सांगून टाकतो. डायरी म्हणून ॲप उत्तम. ई-फायलिंग कामचलाऊपेक्षा बरं. ऑनलाइन हजेरी कोर्टागणिक वेगळी. आणि साक्षीपुरावा यातलं काहीच सांभाळत नाही. तो वेळीच हलवावा लागतो किंवा दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो. त्यामुळे तंत्रज्ञान कितीही असलं तरी वकिलीतल्या एका माणसाला दुसऱ्या महिन्यातच विश्वासात घ्यावं लागतं. तिसरा महिना सरेपर्यंत सांगू नये, हा घरातल्या मोठ्यांचा नियम पाळायचा असला तरी तो एक अपवाद ठेवा.

ॲप: डायरी म्हणून

सर्वोच्च न्यायालयाची ई-समिती आणि एनआयसी (केंद्र सरकारची माहिती-तंत्रज्ञान संस्था) यांची ही सेवा आहे. कोर्टांत चालणारी मूळ केस इन्फर्मेशन सिस्टम एनआयसीच्या पुणे केंद्रात तयार झाली. जिल्हा, तालुका आणि उच्च न्यायालयं यात येतात. सर्वोच्च न्यायालय आणि एनसीएलटीसारखी (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण) न्यायाधिकरणं येत नाहीत, त्यांच्या तारखा हातानेच लिहायच्या.

ॲपमधला खरा कामाचा भाग म्हणजे ‘माय केसेस’. प्रत्येक प्रकरणाला सोळा खुणांचा सीएनआर क्रमांक असतो: राज्याची दोन अक्षरं, जिल्ह्याची दोन, कोर्टाचा दोन आकडी संकेतांक, मग सहा आकडी अनुक्रम आणि शेवटी वर्ष. तो टाकून प्रकरण एकदा जतन केलं की पुढची तारीख, कोर्ट, टप्पा आणि रोजनाम्याचा, म्हणजे दर तारखेच्या कामकाजाच्या नोंदींचा, इतिहास एका जागी दिसतो. एकेक सीएनआर शोधत बसायची गरज नाही. वकिलाच्या नावाने किंवा सनद (वकिलीचा परवाना) क्रमांकाने शोधा आणि मिळतील ती प्रकरणं एका बैठकीत जमा करा. शक्यतो सनद क्रमांकच वापरा. नावाने शोधताना घोळ होतो, कारण सनद माहेरच्या नावावर, वकीलपत्र सासरच्या नावावर आणि टंकलेखकाने स्पेलिंग तिसरंच केलेलं, हा प्रकार आपल्याकडे सर्रास आहे. दोन्ही नावांनी शोधून यादी ताडून घ्या. जुन्या प्रकरणांत वकिलाचा सनद क्रमांक भरलेलाच नसेल तर ती क्रमांकाच्या शोधात येत नाहीत.

आता ॲप सांगत नाही ती गोष्ट. त्यात सगळ्या तारखा सारख्याच दिसतात. ‘म्हणणे दाखल करणे’ आणि ‘वादीचा उलट तपास’ यांच्यात उभं राहण्याच्या वेळेचा आणि ताणाचा केवढा फरक आहे, हे डायरीवालीलाच ठरवावं लागतं. म्हणून दिवस गेल्याचं कळल्यावर पहिल्याच आठवड्यात टप्प्याप्रमाणे यादी वेगळी काढा. उलट तपास, अंतिम युक्तिवाद आणि अंतरिम मनाईचे अर्ज ही जड प्रकरणं. समन्स, म्हणणे, मुद्दे काढणे, आदेशासाठी ठेवलेलं, ही हलकी. हलक्यांना हात लावू नका. एकदम दहा ठिकाणी मुदत, म्हणजे पुढची तारीख, मागितली की बाररूमला गणित यायला वेळ लागत नाही. आपल्याकडे नुसता चहा नको म्हटलं तरी लोक पेढे मागतात.

एक उदाहरण आकड्यांत बघू. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस १ जून धरला, तर सहा आठवडे १३ जुलैला पूर्ण होतात आणि साधारण तिथून मळमळ जोर धरते. दहा आठवडे १० ऑगस्टला. आठ ते दहा हा बहुतेकींना सगळ्यात वाईट जाणारा काळ. एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी) अकरा आठवडे पूर्ण झाल्यापासून तेरा आठवडे सहा दिवसांपर्यंतच होतो, म्हणजे १७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर. प्रसूतीची अंदाजे तारीख ८ मार्च. म्हणजे डायरीत दोन पट्टे आखायचे. १३ जुलै ते मध्य ऑगस्ट या पट्ट्यात नवा उलट तपास घ्यायचा नाही. आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून पुढे कुठल्याच प्रकरणात ‘मी येते’ असा शब्द द्यायचा नाही. दुसरा पट्टा आत्ताच आखायचं कारण असं की मोठ्या दाव्यात पुराव्याच्या तारखा सलग पडत जातात. जुलैत सुरू केलेला साक्षीदार फेब्रुवारीत अर्धवट राहू शकतो.

एनटी स्कॅनची वेळ सकाळी नऊची मिळाली तर घ्या. सोनोग्राफी केंद्रावर पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानबंदी) कायद्याखालचा फॉर्म ‘एफ’ भरावा लागतो, ओळखपत्र लागतं, डबल मार्कर या चाचणीचं रक्तही बहुधा त्याच दिवशी घेतात. बाळ नीट वळलं नाही तर फेरी मारून या म्हणतात. दोन तास सहज जातात. त्या दिवशी अकराच्या पुकाऱ्याचं काही ठेवू नका. तीन आठवड्यांची मुभा आहे, तेव्हा ॲपमध्ये सगळ्यात मोकळा दिसणारा दिवस निवडा.

ॲपमधली दुसरी मोठी सोय कुणी फारशी वापरत नाही. ‘माय केसेस’ची यादी फाइल म्हणून बाहेर काढता येते आणि दुसऱ्या फोनवर आत घेता येते. ही यादी तुमच्याच फोनमध्ये असते, त्यामुळे फोन बिघडला की जाते. मूळ हेतू तो. पण ती जबाबदारी सोपवायलाही कामाला येते. ज्या सहकाऱ्याला विश्वासात घेतलं असेल त्याला किंवा तिला ती फाइल पाठवा. सकाळी साडेदहाला अचानक कोर्टात जाता येणार नाही असं झालं तर ‘आज कुठे काय आहे’ हे फोनवर सांगत बसावं लागत नाही.

दोष दोन. पुढची तारीख कोर्टातला कर्मचारी संगणकात भरेल तेव्हाच ॲपवर येते. संध्याकाळी उशिरा, कधी दुसऱ्या दिवशी. आणि जतन केलेली यादी ताजी करावी लागते, नाहीतर जुनीच तारीख डोळ्यांसमोर राहते. झोप अनावर होण्याचे हे दिवस असतात, तेव्हा रोज साडेनऊला यादी ताजी करण्याचा गजरच लावून टाका.

रोजनामा सगळ्यांना दिसतो

याच ॲपची एक बाजू नीट समजून घेतली पाहिजे. तुम्ही बघता तोच प्रकरणाचा इतिहास पक्षकार बघतो, समोरचा वकील बघतो, सीएनआर माहीत असलेला कुणीही बघतो. मुदतीच्या अर्जात ‘वकील गरोदर असल्याने’ असं लिहिलं आणि रोजनाम्यात ते तसंच उतरलं, तर गावभर सांगितल्यासारखंच झालं. शिवाय अर्जाला निशाणी (दप्तरातला क्रमांक) पडली की तो कायमचा दप्तरात.

म्हणून अर्जात ‘वैद्यकीय कारणास्तव’ एवढंच लिहा. डॉक्टरांकडून दाखला घेताना निदान न लिहिता ‘सात दिवस विश्रांतीचा सल्ला दिला आहे’ असा मागून घ्या. न्यायाधीशांनी जास्त विचारलं तर दाखला दाखवते, पण दप्तरात लावू नये, अशी विनंती करता येते. बंद पाकिटातही देता येतो.

पण नुसत्या ‘वैद्यकीय कारणा’वर भागत नाही, आणि बरेच अर्ज इथेच फेटाळले जातात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७, नियम १ प्रमाणे सुनावणीच्या टप्प्यात एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त मुदती नाहीत. दुसऱ्या कोर्टात गुंतलोय हे कारण चालत नाही. वकिलाचं आजारपण चालतं, पण पक्षकाराला वेळेत दुसरा वकील नेमता आला नसता, अशी कोर्टाची खात्री पटली तरच. आपले छापील अर्ज पहिला भाग लिहितात आणि दुसरा विसरतात. अर्ज असा हवा:

‘वादीतर्फे वकील वैद्यकीय कारणास्तव आज हजर राहू शकत नाहीत. सदर बाब काल सायंकाळी उद्भवल्याने वादीस दुसरे वकील नेमण्यास वेळ मिळालेला नाही. वादी आज स्वतः हजर आहे. पुढील तारखेस वादी विनाविलंब उलट तपास घेईल. सबब मुदत मिळावी.’

‘वादी स्वतः हजर आहे’ हे वाक्य फार कामाचं आहे. पक्षकाराला त्या दिवशी कोर्टात पाठवाच. साक्षीदार आलेला असताना वकील नसला, तर कोर्ट सरतपास (साक्षीदाराची मूळ साक्ष) नोंदवून पुढे जाऊ शकतं आणि मग ‘नो क्रॉस’चा, म्हणजे उलट तपासाची संधी संपल्याचा, आदेश येतो. तो रद्द करून घ्यायला पुन्हा अर्ज, पुन्हा खर्च आणि पक्षकाराच्या शंभर शंका. साक्षीदार परगावचा असेल तर त्याचा येण्याजाण्याचा खर्च देण्याची तयारी अर्जातच दाखवा.

तीन मुदतींचा हिशेब पक्षकाराच्या नावावर असतो. आधीच्या वकिलाने दोन खाल्ल्या असतील तर तुमच्या वाट्याला एकच. हे आधी कळायला ॲपमधला तारखांचा इतिहास उघडून मोजा. यासाठी तो कागदी रोजनाम्यापेक्षा कितीतरी सोपा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशन प्रकरणात ही तीनची मर्यादा अगदी अपवादात्मक परिस्थितीत ओलांडता येईल असं म्हटलं आहे, पण पहिल्या तिमाहीतल्या साध्या मळमळीसाठी ते हत्यार काढू नये. फौजदारीत १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३४६ आणखी कडक आहे: परिस्थिती हाताबाहेरची असेल तरच, तेही समोरच्याचं ऐकून आणि कारणं नोंदवून, दोनपेक्षा जास्त मुदती नाहीत.

ऑनलाइन हजेरी

सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वेश माथुर प्रकरणात उच्च न्यायालयांना बजावलं, की दोन आठवड्यांनंतर कुणाही वकिलाला किंवा पक्षकाराला व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची सोय नाकारायची नाही. मुंबई उच्च न्यायालयातल्या वकिलांसाठी हा मोठा आधार. तालुक्याच्या ठिकाणी मात्र चित्र न्यायाधीश, जोडणी आणि शिरस्तेदाराचा (कोर्टातला वरिष्ठ कर्मचारी) उरक यांवर ठरतं. तिथे आदल्या दिवशीच विनंती पोचवा; सकाळी साडेदहाला फोन करून लिंक मागणं म्हणजे लॉटरी.

सुनावणी लहान असेल तर ही सेवा सोन्यासारखी आहे. आदेशासाठी ठेवलेलं प्रकरण, मुदतवाढ, अंतरिम आदेश पुढे चालू ठेवणं, सहमतीची पुरशिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन). उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर चालू आयटम दाखवणारा डिस्प्ले बोर्ड शेजारी उघडा ठेवायचा, कॅमेरा आणि माइक बंद करून लॉबीत बसायचं आणि आपला नंबर यायला पाच आयटम उरले की तोंड धुऊन गळ्याचा पांढरा बँड लावायचा. नावाच्या जागी आयटम क्रमांक आणि आपलं नाव लिहा, म्हणजे कोर्ट मास्तरांना शोधावं लागत नाही. पडद्यावरही पोशाख पूर्णच लागतो. फोनच्या नेटवर विसंबू नका. वायफाय आणि फोन, दोन्ही तयार ठेवा. जोडणी तुटलेली असताना पुकारा झाला तर ती गैरहजेरीच धरली जाऊ शकते, म्हणून जड दिवशी प्रत्यक्ष कोर्टात एक सहकारी उभा हवाच.

उलट तपासासाठी ऑनलाइनच्या वाटेला जाऊ नये, हे आमचं स्पष्ट मत. साक्षीदाराला कागद दाखवणं, त्याची नजर कुठे जाते ते बघणं आणि ‘निशाणी ४२ वरची सही तुमची आहे का’ या प्रश्नानंतरची ती तीन सेकंदं यातलं काहीच पडद्यावर नीट पकडता येत नाही. उलटी आवरत अर्धवट उलट तपास घेण्यापेक्षा मुदत परवडली.

प्रवासाच्या बाबतीत अलीकडचा एक बदल मोठा आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांना एका तारखेसाठी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची नाही. पहिल्या तिमाहीत हा फरक कुठल्याही ॲपहून मोठा आहे.

प्रत्यक्ष कोर्टात जायच्या दिवसांसाठी दोन गोष्टी. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही आणि गाऊन ऐच्छिक आहे, तेव्हा उगाच उकडून घेऊ नका. उच्च न्यायालयात गाऊन लागतोच, पण पोट दिसायला लागल्यावर तोच झाकणही घालतो. दुसरी गोष्ट स्वच्छतागृहाची. कोर्टाच्या प्रत्येक आवारात स्त्रियांसाठी वेगळं स्वच्छतागृह असावं, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १५ जानेवारी २०२५ रोजी दिला आहे. अंमलबजावणी कुठे किती झाली ते जागेवर जाऊनच कळतं. नव्या तालुक्याला तारीख असेल तर तिथल्या एखाद्या वकील मैत्रिणीला आधी विचारून घ्या.

उलट्यांवर डॉक्टर बहुधा डॉक्सिलामीन आणि पायरिडॉक्सीनची गोळी देतात. डॉक्सिलामीनने झोप येते, म्हणून ती रात्री घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा आणि सकाळचा जडपणा धरूनच युक्तिवादाची वेळ मागा. रक्तस्राव झाला किंवा पाणीसुद्धा पोटात ठरेना, तर मुदतीचा विचार करत बसू नका. आधी डॉक्टरांना फोन, मग सहकाऱ्याला.

ई-फायलिंग

थोडक्यात: सनद क्रमांकाने नोंदणी, पीडीएफ चढवणं, कोर्ट फी ऑनलाइन भरणं. रजिस्ट्रीच्या खिडकीपुढच्या रांगेचा एक तास वाचतो, आणि त्या रांगेतला कोंदट वास सातव्या आठवड्यात किती नकोसा होतो ते वेगळं सांगायला नको. अडतं ते त्रुटींवर: आडवी-तिडवी स्कॅन केलेली पानं, न दिलेले पृष्ठ क्रमांक, पक्षकाराची पडताळणी राहून जाणं. त्रुटी काढल्या की नाही ते खात्यात जाऊन बघावं लागतं. बऱ्याच ठिकाणी कागदी प्रतही मागतात, म्हणून कारकुनाची एक फेरी धरूनच चाला. दाखल करायची मुदत संपायच्या दिवशी चढवू नका. चार दिवस हातात ठेवा.

कुणाला, कधी, किती सांगायचं

सगळ्यात आधी, सहाव्या-सातव्या आठवड्यातच, तुमच्या जागी उभं राहू शकेल अशा एका सहकाऱ्याला. जड प्रकरणांत त्याचं नाव वकीलपत्रावर आत्ताच घाला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ प्रमाणे फक्त युक्तिवादापुरता उभा राहणारा वकील हजेरीचं निवेदन देऊन उभा राहू शकतो, पण साक्षीपुरावा त्याच्यावर सोपवायचा तर वकीलपत्र हवं. पक्षकाराची सही रुग्णालयातून मिळवत बसायची वेळ येऊ नये. वकीलपत्र वाढवताना पक्षकाराला कारण सांगावं लागत नाही. दोन वकील असले की काम अडत नाही, एवढं पुरतं.

सीनियरला एनटी स्कॅननंतर सांगितलं तरी चालतं. मात्र बाहेरगावची मोठी मॅटर तुमच्या नावावर लागत असतील तर थांबू नका. सांगताना बातमीबरोबर यादी द्या: कुठली प्रकरणं तुमच्याकडे राहतील, कुठली कुणाकडे जातील, मार्चमध्ये कोण उभं राहील. नुसती बातमी दिली की उरलेलं समोरचा ठरवतो, आणि मग चांगली मॅटर काळजीपोटी काढून घेतली जातात.

पक्षकाराला सरसकट सांगायचं नाही. ज्याचा पुरावा फेब्रुवारी-मार्चात पडेल त्याला, चौथ्या महिन्यात, ‘त्या दोन महिन्यांत मी रजेवर आहे, ही दुसरी व्यवस्था’ असं. प्रकरण सोडायचंच असेल तर बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पुरेशी आगाऊ सूचना आणि न कमावलेली फी परत, हे दोन्ही लागतं. समोरच्या वकिलाला शेवटी सांगा, पण सांगा जरूर. त्याची ‘हरकत नाही’ अशी नोंद अर्जावर असली की निम्मी लढाई संपते.

रजेच्या हक्काबद्दल बराच गैरसमज आहे. कंपनीच्या विधी विभागात पगारी नोकरीवर असाल तर आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम भरलं की पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते, त्यातली जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीआधी. हे पूर्वी १९६१ च्या कायद्यात होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. सनद चालू ठेवून फर्ममध्ये मासिक रिटेनरवर (पगाराऐवजी ठरलेलं मानधन) असाल तर तुम्ही बहुधा कर्मचारी नाहीच. कायदा सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलालाही हा लाभ नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०२४ मध्ये ठरवलं. म्हणजे रिटेनरवालीला जे मिळेल ते करारातून. तो करार सांगण्याच्या आधी वाचा. किती दिवसांच्या सूचनेवर संपवता येतो, रजेत रिटेनर चालू राहतो का, परत येताना तीच मॅटर मिळतील का, याबद्दल काही लिहिलेलं नसेल तर बातमी देण्याच्या भेटीनंतर त्याच संध्याकाळी, ठरलं ते ईमेलवर उतरवा: ‘आज बोलल्याप्रमाणे...’ अशी सुरुवात, तारखांसह, चार ओळी.

आणि सहकाऱ्याला पाठवलेली ती ‘माय केसेस’ची फाइल एकदा पाठवून विसरू नका. आठवड्यात नवी प्रकरणं येतात, जुनी निकाली निघतात. शुक्रवारी कोर्ट सुटलं की यादी ताजी करून नवी फाइल काढा आणि सोबत सोमवारच्या जड प्रकरणांची नावं लिहून पाठवा.